मन मोकळे करावे ते कोणापाशी?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत काही माणसे पारखून घेण्याची रीत आहे. डॉक्टर नवा करायचा झाला तर आपण शेजारच्या चार बिऱ्हाडांत चौकशी करतो. त्याच्या हाताला गुण आहे का, तो उगीच तपासण्यांची यादी हातात देतो का, रात्री-अपरात्री फोन उचलतो का, हे सारे विचारून घेतो. वकील करायचा तर त्याचा स्वभाव आणि त्याची फी या दोहोंचा अंदाज घेतो. मुलांच्या शिकवणीचे मास्तरसुद्धा आपण असे सहजासहजी ठरवत नाही. कॅथलिक घरात याखेरीज आणखी एका माणसाची निवड करावी लागते आणि मौज अशी की, त्याची चौकशी मात्र सहसा कोणी मोठ्याने करीत नाही. हा माणूस म्हणजे आपले पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू.

मी वसईकडचा ख्रिस्ती; पोट भरतो ते कॉलेजात मराठी शिकवून. त्यामुळे स्टाफरूममध्ये चहाच्या पेल्याबरोबर हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. ‘काय हो, तुम्ही लोक त्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून फादरला सगळे सांगता, ते खरेच सगळे सांगता का?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला तो प्रसंग असतो: काळोखी चर्च, जळती मेणबत्ती, जाळीपलीकडे पांढऱ्या झग्यातले फादर आणि अलीकडे खून करून आलेला नायकाचा भाऊ. आमच्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी रांगेत उभ्या असतात त्या भाजीची पिशवी हाताशी घेतलेल्या बाया, परीक्षेला बसलेली पोरे आणि एखाददुसरे पेन्शनर. खुनी मनुष्य माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

तेव्हा आधी हा संस्कार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. निवडीचा प्रश्न त्यानंतरच नीट कळेल.

कबुली आणि निवेदन

मराठीत ‘कबुली’ म्हटले की पोलिसचौकी आठवते. चौकीवरची कबुली शिक्षेसाठी असते, इथली क्षमेसाठी. म्हणून मराठी कॅथलिक ‘पापनिवेदन’ हा शब्द वापरतात, तर गोव्याकडे कोकणीत पोर्तुगीज शब्दावरून रुळलेला ‘कुमसार’ हा शब्द आहे. या संस्कारात पश्चात्ताप करणाऱ्याच्या वाट्याला तीन कामे येतात: झाल्या गोष्टीचे मनापासून दुःख, तिचा उच्चार आणि तिची भरपाई. चौथे काम धर्मगुरूचे. ते म्हणजे देवाच्या नावाने पापमुक्ती देणे.

‘सांगितले की सुटले’ असा एक समज आहे, तो खरा नाही. दुकानातल्या गल्ल्यातून पैसे उचललेल्या माणसाने ते परत करायची तयारीच ठेवली नाही, तर त्याच्या पश्चात्तापात काही अर्थ उरत नाही. शेजारणीची बदनामी केली असेल, तर तिचे नाव पुन्हा स्वच्छ करण्यासाठी होईल ते करावे लागते. दुसरा समज फीचा. पापनिवेदनाला फी नाही. एक रुपयाही नाही.

तिसरी शंका गुप्ततेची. ‘उद्या फादरने गावभर सांगितले तर?’ याबाबत चर्चचा कायदा अतिशय कडक आहे. 1215 साली रोमला लॅटरन राजवाड्यात जी चौथी धर्मपरिषद भरली, तिने पापनिवेदनातले रहस्य फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून मठात जन्मभर प्रायश्चित्त करायला धाडावे, असे ठरवले. आजच्या कायद्यानुसार जो धर्मगुरू असे रहस्य सरळसरळ फोडील, तो त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार फक्त रोमच्या पीठाकडे असतो. इतकेच नव्हे, तर ऐकलेल्या माहितीचा त्या माणसाला जाच होईल असा उपयोग, बोभाटा न करतासुद्धा, करण्याची त्याला मनाई आहे. 1393 साली प्राग शहरी जॉन नेपोमुक नावाच्या धर्मगुरूला राजाच्या हुकमाने नदीत बुडवून मारले. राणीचे पापनिवेदन राजाला सांगायला त्याने नकार दिला म्हणून, असे परंपरा सांगते. राजा आणि आर्चबिशप यांच्या भांडणात तो सापडला, असे इतिहासकार म्हणतात. कारण काही असो, लोकांनी त्याला गुप्ततेचा रक्षणकर्ता संत मानले, ते या धाकामुळे आणि या विश्वासामुळे.

हे बंधन धर्मगुरूवर आहे, निवेदन करणाऱ्यावर नाही. आपण काय बोललो आणि आपल्याला काय सांगितले गेले, हे आपल्याला हवे तर चारचौघांत सांगता येते. पुढे एक हकिकत सांगणार आहे, ती याच वाटेने माझ्यापर्यंत आली.

क्षमा एक, सल्ला वेगळा

आता कोणी विचारील, क्षमा करणारा देव असेल तर मधला माणूस कोणता याने काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. चर्चची शिकवण अशी की, संस्काराची शक्ती धर्मगुरूच्या पुण्याईवर अवलंबून नसते. आफ्रिकेतल्या डोनाटसपंथीयांशी संत ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकात जो वाद घातला, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. नळ सोन्याचा असो की लोखंडाचा, पाणी तेच. तेव्हा पापमुक्ती कोणत्याही अधिकृत धर्मगुरूकडून मिळाली, तरी ती सारखीच.

परंतु त्या जाळीमागून केवळ पापमुक्ती येत नाही; एक प्रश्न येतो, एक सल्ला येतो, आवाजाचा एक चढ किंवा उतार येतो. पुढच्या कित्येक वर्षांचे मन त्यावर घडते किंवा मोडते. लॅटरनच्या त्याच परिषदेने पापनिवेदन ऐकणाऱ्याची तुलना जखमा धुऊन त्यांवर औषध घालणाऱ्या कुशल वैद्याशी केली होती. आजचा कायदाही त्याला न्यायाधीश आणि वैद्य अशा दोन्ही भूमिका देतो. औषध एकच असले, तरी वैद्य वैद्यात अंतर असतेच.

1215 साली निवडीला फारसा वाव नव्हता. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे आणि ते आपल्याच धर्मगुरूपाशी करावे. दुसऱ्याकडे जायचे तर आधी त्याची परवानगी घ्यावी, असा नियम होता. खेड्यातला एकुलता एक धर्मगुरू, त्याच्याच शेजारी आपले शेत, आणि कुंपणावरून झालेले भांडण त्यालाच जाऊन सांगायचे, ही अडचण कोणाच्याही लक्षात येईल. पुढे फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन संघांचे फिरते संन्यासी पापनिवेदन ऐकू लागले, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे गर्दी केली आणि गावोगावचे धर्मगुरू नाराज झाले. आज ती अडचण उरलेली नाही. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक कॅथलिकाला आपल्या पसंतीच्या कोणत्याही अधिकृत धर्मगुरूपाशी जाण्याची मोकळीक आहे. तो आपल्या चर्चचा असो वा नसो. मठातल्या भगिनींवरही वरिष्ठांनी या बाबतीत सक्ती करायची नाही.

म्हणजे स्वातंत्र्य मिळाले. आता ते वापरायचे कसे, हा प्रश्न आला.

दोन स्त्रिया आणि एक सैनिक

या प्रश्नाचा विचार सर्वांत खोलवर केला तो पुस्तकी पंडितांनी नव्हे, तर ज्यांनी हाल सोसले त्यांनी. त्यांत पहिले नाव स्पेनमधल्या आव्हिला गावच्या तेरेसा या संन्यासिनीचे. तिचा जन्म 1515 चा. मठात राहून प्रार्थना करताना तिला विलक्षण अनुभव येऊ लागले, तेव्हा तिने गावातल्या दोघा भल्या माणसांचा सल्ला घेतला. एक धर्मगुरू आणि एक देवभोळे गृहस्थ. दोघांनी विचार करून सांगितले की, हे सारे सैतानाचे खेळ आहेत. तेरेसा हादरली, रडली. पुढे येशूसंघाच्या तरुण धर्मगुरूंनी तिला धीर दिला. पण नंतर एकाने आज्ञा केली की, दर्शन झाले की त्याच्याकडे बोटांनी तुच्छतेची खूण करावी. जिच्यावर जीव ओवाळून टाकायचा, त्याचीच अशी हेटाळणी करताना तिला किती यातना झाल्या असतील!

तेरेसाने आत्मचरित्रात स्पष्ट लिहून ठेवले आहे की, तिचे सर्वांत जास्त नुकसान केले ते अर्धवट शिकलेल्यांनी. अडाणी माणूस निदान आपल्याला कळत नाही म्हणून दुसऱ्याला विचारतो; अर्धवट शिकलेला विचारत नाही. म्हणून धार्मिकपणा आणि विद्वत्ता यांपैकी एकच मिळणार असेल, तर विद्वत्तेकडे तिचा ओढा असे, आणि आपल्या मठांतल्या भगिनींना एकाच धर्मगुरूला बांधून ठेवू नये, असा तिचा आग्रह होता. 1970 साली चर्चने तिला आचार्यपद दिले; तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

दुसरी स्त्री फ्रान्समधली, जेन द शांताल. 1601 साली शिकारीत मित्राच्या हातून चुकून गोळी लागून तिचा नवरा गेला. वय अवघे अठ्ठावीस-एकोणतीस, पदरात चार मुले, आणि सासऱ्याचे घर काही सुखाचे नव्हे. अशा वेळी तिला एक धर्मगुरू मार्गदर्शक म्हणून लाभला. त्याने तिच्याकडून चार शपथा घेतल्या: तुम्ही माझी आज्ञा पाळाल, मला कधी सोडणार नाही, मी सांगितलेले कोणाला सांगणार नाही, आणि आपल्या मनातले माझ्याखेरीज कोणापाशी बोलणार नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशा या शपथा आहेत. खिडक्यादारे बंद करून कोणी कोंडून घालावे, तशी ती बाई स्वतःच्या मनात कोंडली गेली.

1604 साली ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स दिझों शहरी प्रवचने द्यायला आले. जेनने त्यांना ऐकले आणि आपली व्यथा सांगितली. त्यांनी घाई केली नाही; काही महिने विचार केला आणि मग त्या चारही शपथांना काही मोल नाही असे सांगून तिला मोकळे केले. पुढे 1610 साली या दोघांनी मिळून आनसी गावी ‘व्हिजिटेशन’ हा भगिनीसंघ काढला. सामान्य संसारी माणसांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात फ्रान्सिस यांनी मार्गदर्शकाचे तीन गुण सांगितले आहेत: प्रेम, विद्या आणि विवेक. जुआन दे आव्हिला हा त्यांच्या आधीचा स्पॅनिश धर्मगुरू असा माणूस हजारांतून निवडायला सांगे. फ्रान्सिस यांनी तो आकडा दहा पटींनी वाढवला.

तेरेसा आणि जेन यांच्या गोष्टींवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, धर्मगुरू सारखे बदलत राहावेत. परंतु तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. इग्नेशियस लोयोला हा मूळचा सैनिक. लढाईत पाय जायबंदी झाल्यावर त्याचे मन पालटले आणि 1522 साली मान्रेसा गावी तो तप करू लागला. तिथे त्याला एका विचित्र रोगाने गाठले. जुनी पापे पुन्हा पुन्हा आठवायची. हे नीट सांगितले का, ते राहून गेले का, या शंकांनी त्याला झोप येईना. जीव द्यावा असेही वाटू लागले. त्याच्या धर्मगुरूने सांगितले, अगदी स्पष्ट असेल त्याखेरीज जुने काही पुन्हा सांगायचे नाही. त्याने लगेच गुण आला नाही, कारण त्याला सगळेच स्पष्ट वाटे. तरी पुढे त्याची सुटका झाली ती जुने उगाळणे थांबवल्यावरच.

अशा शंकेखोर मनाच्या माणसाने दर आठवड्याला नवा धर्मगुरू गाठला, तर त्याचा रोग वाढतो. प्रत्येक नव्या माणसापुढे सगळे पुराण पहिल्यापासून. त्याने एकच धर्मगुरू धरावा आणि त्याचे ऐकावे. आणि ज्याला कोंडल्यासारखे होते, त्याने खुशाल बदलावा. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे कुपथ्य.

कडक आणि सैल

निवडताना बहुतेक लोक ज्या चुकीच्या गोष्टीकडे पाहतात ती म्हणजे कडकपणा. काहींना कडक फादर हवे असतात; ओरडा खाल्ल्याशिवाय काही झाले असे त्यांना वाटत नाही. पुष्कळांना सैल हवे असतात. ‘त्या फादरकडे जा, दोन मिनिटांत सोडतात,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हा वाद नवा नाही. 1656-57 साली फ्रान्समध्ये पास्कलने येशूसंघीयांच्या सैल निवाड्यांची आपल्या पत्रांतून अशी खिल्ली उडवली की, सारे पॅरिस हसले. पण पास्कल ज्या पंथाच्या बाजूचा होता, त्याच्या कडकपणामुळे लोक वेदीजवळ यायलाच भिऊ लागले, हीही गोष्ट खरी.

यातून मधली वाट दाखवली ती नेपल्सच्या आल्फोन्सस लिगोरी यांनी. हे आधी वकील होते. वकिली सोडून धर्मगुरू झाले, खेड्यापाड्यांतल्या गरिबांत फिरले आणि शिकताना मिळालेले कडक धडे त्यांनी त्या गरिबांकडे पाहून बदलले. 1950 साली पोपने त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते संत ठरवले. त्यांच्या शिकवणीचा परिणाम पाहायचा असेल, तर फ्रान्समधल्या आर्स या लहान खेड्याकडे पाहावे. तिथे 1818 साली जॉन व्हियानी नावाचे धर्मगुरू आले. सुरुवातीला ते अतिशय कडक. पापमुक्ती देणे लांबणीवर टाकत. पुढे लिगोरींचे विचार त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि वर्षानुवर्षे माणसांची दुःखे ऐकून ते मऊ झाले. मग लोकांची अशी रीघ लागली की, दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास त्यांना त्या लाकडी खुर्चीत बसावे लागे. 1859 साली ते वारले, तोवर हे चालू होते.

तेव्हा विचारायचे ते ‘कडक की सैल’ असे नव्हे. पाप आहे त्याला पाप म्हणणारा आणि पापी मनुष्य समोर आहे हे न विसरणारा, असा तो हवा.

आपल्या मातीतली गोष्ट

या बाबतीत आपल्या पश्चिम किनाऱ्याचाही वाटा आहे. 1549 साली संत फ्रान्सिस झेवियर यांनी आपले सहकारी गास्पार बार्झेउस यांना होर्मुझ बंदरी पाठवताना लेखी सूचना दिल्या. त्यांत पापनिवेदन कसे ऐकावे, याबद्दल बरेच लिहिले आहे. आधी शांतपणे ऐकून घ्यावे. लाजेने ज्याची जीभ अडखळते त्याला धीर द्यावा. गरज पडल्यास आपल्या गतायुष्यातल्या चुकांचाही उल्लेख करावा, म्हणजे समोरच्याला वाटेल की, हाही माझ्यासारखाच मनुष्य. व्यापारी आणि शिपाई यांच्या बंदरात जाणाऱ्या माणसाला याहून शहाणा सल्ला कोण देणार!

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्याला आले, आणि 1616 साली रायतूरला त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आपण साहित्याच्या इतिहासात त्यांची ओवी पाहतो. पण त्यांनी इथल्या भाषेचे व्याकरणही लिहिले, ते त्यांच्या मागे 1640 साली छापले गेले. धर्मगुरूला व्याकरणाची एवढी गरज का भासावी? प्रवचन पाठ करून देता येते. पापनिवेदन पाठ करून ऐकता येत नाही. बाई कोणत्या शब्दावर थांबली, कोणता शब्द तिने गिळला, हे त्या भाषेत जगल्याशिवाय कळत नाही. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायला चर्चचा कायदा आजही परवानगी देतो, आणि दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन घालतो. पण मनाचे ओझे तिसऱ्याच्या तोंडून उतरवणे किती अवघड! म्हणून निवडीची एक साधी कसोटी मी नेहमी सांगतो: ज्या भाषेत आपण रडतो, ती ज्याला कळते, त्याच्याकडे जावे. मुंबईत इंग्रजी शाळांत शिकलेली आमची मुले इंग्रजीत निवेदन करतात. त्यांना ते सोपे जाते. कारण परक्या भाषेत पापही जरा परके वाटते.

एकोणीस वर्षे

आता ती हकिकत. माझ्या नात्यातल्या एक बाई आहेत, आज ऐंशीच्या घरात. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा तापाने गेला. त्यानंतर त्या पापनिवेदनाला गेल्या आणि म्हणाल्या, ‘फादर, मला देवाचा राग येतो. प्रार्थना करावीशी वाटत नाही.’ पलीकडच्या धर्मगुरूने त्यांना झापले. देवावर रागावणारी तू कोण, बाकीच्या मुलांकडे बघ, नाहीतर आणखी शिक्षा होईल, असे काहीसे. बाई उठल्या आणि घरी आल्या. त्यानंतर एकोणीस वर्षे त्यांनी पापनिवेदन केले नाही.

याचा अर्थ परधर्मीय वाचकांच्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगतो. मनात गंभीर पापाचा डंख असताना कॅथलिक मनुष्य ख्रिस्तप्रसाद घेत नाही. त्यामुळे दर रविवारी मिस्साच्या वेळी बाकावरचे सारे उठून रांगेत जात आणि या बाई एकट्या बसून राहत. मुलांची लग्ने झाली, नातवंडांचे पहिले ख्रिस्तप्रसाद झाले, बाई बाकावरच. गावात कोणी तोंडावर काही विचारले नाही, पण पाहिले सगळ्यांनी.

एका उपवासकाळात, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, आसपासच्या गावांतून पाच-सहा धर्मगुरू एका संध्याकाळी पापनिवेदन ऐकायला आले. त्यांत एक म्हातारे, थोडे कमी ऐकू येणारे फादर होते. सूनबाईंनी फार गळ घातली म्हणून बाई त्यांच्याकडे गेल्या आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या. फादर काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, ‘मुलाचं नाव काय होतं?’

बाईंनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. म्हणाल्या, ‘एकोणीस वर्षांत त्याचं नाव मला कोणी विचारलं नव्हतं रे.’ मग फादर म्हणाले की, रागावणे म्हणजे अजून बोलणे आहे. ज्याच्याशी आपले काही उरले नाही, त्याच्यावर आपण रागावत नाही. तेव्हा रोज निजताना देवाला तो राग सांगत जा. हेच त्यांचे प्रायश्चित्त. पुढच्या रविवारी बाई रांगेत उभ्या राहिल्या.

दोन्ही धर्मगुरूंना पापमुक्ती देण्याचा अधिकार सारखाच होता. फरक होता तो एका प्रश्नाचा, आणि त्या एका प्रश्नाविना एका बाईची एकोणीस वर्षे गेली. ‘कोणीही चालतो’ असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे.

सावधगिरीचे दोन शब्द

जिथे माणूस आपले मर्म दुसऱ्याच्या हाती देतो, तिथे धोका असतोच. तो झाकून ठेवण्यात शहाणपणा नाही. 2018 साली केरळात एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंवर, पापनिवेदनातली माहिती वापरून एका विवाहितेला छळल्याचा आरोप झाला. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. देशभरच्या ख्रिस्ती समाजाने तिला विरोध केला आणि प्रथा चालू राहिली. पण त्या प्रकरणाने घराघरांतल्या आयांच्या मनात जी भीती उभी राहिली, ती खोटी म्हणता येणार नाही.

ही भीती चर्चला नवी नाही. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी मधल्या जाळीची आणि उघड्या जागेची सक्ती केली, ती या भीतीपोटीच. 1973 च्या नव्या विधीनंतर समोरासमोर बसून बोलण्याचाही प्रघात पडला आहे. तरी ज्याला जाळी हवी, त्याच्यासाठी ती असलीच पाहिजे, असा नियम आहे. पापनिवेदनाच्या निमित्ताने कोणी धर्मगुरू गैर सूचना करील, तर चर्चच्या कायद्यात तो गंभीर अपराध आहे. अशा माणसापासून उठून जावे, बिशपांकडे तक्रार करावी. मूल असेल तर 2012 च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे पोलिसांतही जावे. गुप्ततेचे बंधन त्या धर्मगुरूवर आहे, आपल्यावर नाही, हे मी वर सांगितले ते अशासाठीही.

आणखी काही खुणा साध्या आहेत. जो कुतूहलाने नको तितके खोदून विचारतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. ‘माझ्याशिवाय कोणाशी बोलू नका’ म्हणतो, त्याच्याकडे तर मुळीच नाही. जेनच्या चार शपथा आठवाव्यात. आणि जो झोपेच्या गोळ्यांचा, कर्जाचा, नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न नुसत्या जपमाळेवर भागवतो, तोही कामाचा नाही. चांगला धर्मगुरू आपल्या विद्येची हद्द ओळखतो; डॉक्टरकडे जा, वकिलाकडे जा, असे सांगायला तो कचरत नाही.

निवड करताना

कॉलेजातल्या आमच्याकडच्या मुली कधीकधी तास संपल्यावर थांबतात आणि विचारतात, ‘सर, कोणाकडे जाऊ?’ मी नाव सांगत नाही. एवढेच सांगतो: पहिल्या खेपेला लहानसहान गोष्ट घेऊन जा आणि ते कसे ऐकतात ते पाहा. ते घड्याळाकडे पाहतात का? तुझे वाक्य तुला पुरे करू देतात का? तू जे सांगितलेस त्यावर बोलतात, की दर वेळी ठरलेले प्रवचन देतात? प्रायश्चित्त म्हणून तुला झेपेल असे काही देतात का? आणि बाहेर आल्यावर तुला हलके वाटले की लहान वाटले? हलके वाटले तर पुन्हा जा. वर्षभर जाऊन पाहा. नंतर त्यांची बदली झाली तर हळहळू नकोस, दुसरे शोध.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात एक समास गुरुलक्षणाला दिला आहे, आणि त्याला लागूनच पुढचा समास शिष्यलक्षणाला. वर्गात शिकवताना हा क्रम मी मुलांना मुद्दाम दाखवतो. चांगला धर्मगुरू हवा म्हणणाऱ्याने आपण चांगले निवेदन करतो का, हेही पाहावे. शेजाऱ्याची पापे सांगण्यासाठी ती रांग नाही. सासूची तर नाहीच नाही. थोडक्यात, स्वतःबद्दल आणि खरे, एवढे जमले तर साधारण धर्मगुरूही चांगला होतो. कारण समोर खरे बोलणारा माणूस आला की, ऐकणाऱ्यालाही नीट ऐकणे भाग पडते. आर्सच्या त्या कडक धर्मगुरूंना मऊ करण्यात पुस्तकाइतकाच वाटा अशा माणसांचा असला पाहिजे.

दिवाळीत आपण घर झाडतो. माळ्यावरचे, कपाटामागचे, वर्षभर नजरेआड केलेले सारे बाहेर काढतो आणि ते काढायला घरचेच, विश्वासाचे माणूस हाताशी घेतो. मनाच्या झाडलोटीलाही असे एक माणूस प्रत्येकाला लागते, मग त्याचा धर्म कोणताही असो. ते वेळेवर शोधून ठेवावे. ऐन अडचणीत शोधायला निघालेल्या माणसाला, पहिले दार बंद दिसले की, दुसरे ठोठावण्याची उमेद राहत नाही.